पांढरी डावीकडे ओढते

वळणातून बाहेर आलो, चाकं सरळ केली आणि पांढरीचा ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला. इंजिन ओरडलं, मान मागे आपटली आणि मी वाट बघत राहिलो. आता ओढेल, आता ओढेल. दुसऱ्याचा तिसरा गिअर झाला, रस्त्याकडेची पाण्याची टाकी मागे गेली, ऐंशी झाले, शंभर झाले. स्टिअरिंग आपलं शहाण्या मुलासारखं गप्प.

"हात्तिच्या!" मी एकटाच मोठ्यानं म्हणालो. "जमवलं की लेकाच्यांनी!"

लेकाचे म्हणजे आमच्या कारखान्यातले इंजिनिअर. त्यांनी एका साध्या घरगुती गाडीत, चार माणसं आणि मागे त्यांच्या बॅगा मावतील अशा गाडीत, भलंदांडगं इंजिन बसवलं होतं आणि त्याची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना दिली होती. ती चालवायला कशी वाटते, हे सांगणं माझं काम. वेग, ब्रेक, पेट्रोल यांची मोजमापं यंत्रं घेतात. कसं वाटतं ते यंत्राला विचारता येत नाही, म्हणून तीस वर्षं मला पगार मिळतोय.

पुढची चाकं गाडी ओढणारी असली, की त्यांची अवस्था घरातल्या थोरल्या सुनेसारखी होते. सगळ्यांना ओढून न्यायचंही तिनंच आणि जिकडे सांगतील तिकडे वळायचंही तिनंच. इंजिन बेताचं असेल तर ती बिचारी निभावून नेते. पण तिच्यावर असा दांडगा भार टाकला आणि पाय एकदम दाबला, की ती हिसका देते. स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. सरावलेला माणूस ते धरून ठेवतो. पण ज्यानं एक हात खिडकीत ठेवलाय, ज्याची पोरं मागे भांडतायत आणि ज्यानं समोरचा ट्रक ओलांडायला घाईघाईत पाय दाबलाय, त्याचं काय?

तुलनेला दुसऱ्या कंपनीची काळी गाडी विकत आणली होती. ती मागच्या चाकांनी ढकलली जाणारी. सकाळी तिच्या चार फेऱ्या मारल्या होत्या. खरं सांगायचं तर तिच्यात बसल्यावर मला लाजच वाटली, इतकी ती गोड चालते. ढकलायचं काम मागची चाकं करतात, पुढची वळायला मोकळी. पाय दाबला की कंबरेला मागून कोणीतरी आधार दिल्यासारखं वाटतं. नाही म्हणायला ओल्या वळणावर तिची शेपटी घसरली. तिथं पांढरी बरी, ती नुसती नाक बाहेर काढून वळण मोठं करते, माणसाला घाबरवत नाही. हे सगळं मी पत्रकात लिहिलं. मग स्टिअरिंगच्या ओढीचा रकाना आला, तिथं पांढरीला दहापैकी नऊ दिले, म्हणजे ओढ जवळजवळ नाहीच, आणि लिफाफा बंद केला.

आता खोटं कशाला बोलू? गेल्या आठ महिन्यांपासून माझ्या बोटांत मुंग्या यायच्या, आणि मग एक दिवस त्या मुंग्याही गेल्या. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून देते. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. कामावर मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. चालकाच्या हातांत दोष आहे म्हटलं की त्याला त्याच दिवशी गाडीतून उतरवतात. आणि गाडीतून उतरलेला मी म्हणजे नेमका कोण, हे मला माहीत नव्हतं. भीती वाटायची मला त्याची. शिवाय स्टिअरिंग काय बोटांच्या टोकांनी धरतात? तळहातानं धरतात, मनगटानं धरतात, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

आमच्याकडे प्रत्येक गाडी दोन चालक वेगवेगळी चालवतात आणि पत्रकं जमा होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. दुसरी चालक ती अँब्युलन्सवाली. दोन वर्षांपूर्वी आली, त्याआधी दहा वर्षं अँब्युलन्स चालवायची, म्हणून हे नाव. मला सगळे मास्तर म्हणतात, कारण मी सगळ्यांच्या चुका काढतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ज्येष्ठ चालकाचा धरायचा, असा नियम आहे. तो मीच भांडून करवून घेतला होता. एका दीडशहाण्याशी वाद झाला होता तेव्हा.

दुपारी साहेबांनी आम्हां दोघांसमोर लिफाफे फोडले.

"स्टिअरिंगची ओढ," त्यांनी वाचलं. "मास्तर, नऊ. वा! आणि बाई..." त्यांनी चष्मा वर केला. "तीन?"

"ओढते साहेब ती. डावीकडे," अँब्युलन्सवाली म्हणाली. "दुसऱ्या गिअरमध्ये तर एवढा हिसका देते, की मनगट दुखलं माझं."

माझं डोकंच फिरलं. "दहा वर्षं अँब्युलन्स हाणलीस तू. तुझ्या हाताला काय कळणार? दगड झालेत ते!"

ती लाल झाली. साहेबांना तेवढंच हवं होतं. महिन्याभरात गाडी विक्रीला काढायची होती, वरून रोज फोन येत होते.

"नियम आहेच की आपला," ते खुशीत म्हणाले. "मास्तरांचे नऊ. संध्याकाळपर्यंत सही करून पाठवतो मी वर. छान झालं काम!"

बाहेर आल्यावर ती माझ्या मागोमाग गाड्यांपर्यंत आली.

"मास्तर, रागवा पाहिजे तर. पण एक फेरी माझ्या शेजारी बसा ना."

"मी कोणाच्या शेजारी बसत नाही."

"बरं, मग मी तुमच्या शेजारी बसते. तुम्ही चालवा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मघाशी जे बोललो होतो ते मलाच टोचत होतं. आम्ही पांढरी काढली. त्याच वळणातून बाहेर आलो, मी पाय दाबला, टाकी मागे गेली.

"आत्ता ओढली," ती म्हणाली.

"छे! गाडी सरळ रेषेत गेली. डोळे फुटले का तुझे?"

"परत करा."

परत केलं. परत तेच. तिसऱ्या वेळी तिनं मला थांबायला लावलं, कप्प्यातून चिकटपट्टी काढली आणि बोटभर तुकडा तोडून स्टिअरिंगवर अगदी वर, मधोमध चिकटवला.

"आता रस्त्याकडे बघता बघता हिच्याकडे पण बघा."

मी पाय दाबला. गाडी सरळ चालली होती, सुतासारखी सरळ. आणि ती पट्टी चांगली दोन बोटं उजवीकडे सरकली होती. तिसरा गिअर पडला, पट्टी मधोमध आली. पुन्हा पाय दाबला, पुन्हा उजवीकडे. गाडी डावीकडे ओढत होती आणि माझे हात तिला उजवीकडे दाबून धरत होते. माझेच हात. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली.

"तुमचे हात सावरून घेतात तिला," ती हळूच म्हणाली. "सवयच आहे त्यांना. म्हणून ती सरळ जाते, अन् तुम्हाला वाटतं ओढतच नाही." मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"आठ महिने."

"घरी माहितेय?"

"बायकोला."

इंजिन चालू होतं, ते बंद करायचंही मला सुचलं नाही. तिनंच हात लांब करून केलं.

"हे बघा मास्तर, मी कोणाजवळ बोलणार नाही," ती म्हणाली. "तुमची किती राहिलीत, तीनच वर्षं ना? साहेबांना सांगते, माझ्या फेरीला टायरमध्ये हवा कमी होती. तीनाचे सात करते. जाईल निभावून."

हे ऐकून मला पार मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षं या बाईनं रस्त्यावरून काय काय उचलून नेलं असेल. ट्रक ओलांडताना चुकलेले बाप आणि मागे बसलेली त्यांची पोरं तिनं पाहिली होती, मी नव्हती पाहिली. मी फक्त आकडे दिले होते. आणि तरी माझ्यासाठी ती तीनाचे सात करायला निघाली होती, ज्यानं दुपारीच तिचे हात दगड म्हटले होते.

"काही करायचं नाही," मी म्हणालो. "तुझे तीन खरे आहेत."

मी आत गेलो तेव्हा साहेब सहीचं पेन शोधत होते. मी पत्रक परत मागितलं. लिहिलेलं खोडायचं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, अशी आमच्याकडे पद्धत. नवावर मी रेघ मारली. मग शेरा लिहायच्या जागेत लिहिलं: 'चालकाच्या हातांना स्टिअरिंग कळत नाही. आठ महिन्यांपासून.' तीस वर्षं मी त्या जागेत गाड्यांचे दोष लिहीत आलो. अक्षर मात्र फार वाईट आलं.

साहेबांनी वाचलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला? हा कागद वर गेला तर उद्यापासून मी तुम्हाला गाडीत बसवू शकत नाही. ते कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि आठ महिन्यांतले तुमचे बाकीचे अहवाल? ते पण सगळे बाद होतील. सगळ्या गाड्या पुन्हा चालवाव्या लागतील."

"चालवाव्याच लागतील साहेब. यादी देतो मी. अकरा आहेत."

"अहो, पण विचारलं कोणी होतं?" ते कळवळून म्हणाले. माणूस वाईट नाही तो. "गुपचूप रजा घेतली असती, मी दुसरं काम दिलं असतं. नऊ आकडा छान होता हो!"

"छान होता," मी म्हणालो. "म्हणूनच खोडला."

त्यांनी अँब्युलन्सवालीला आत बोलावून सांगितलं, की उद्यापासून ज्येष्ठ चालक तुम्ही. ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती. पत्रकावर तिचे तीन कायम झाले. पांढरीची विक्री लांबली. मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही.

संध्याकाळी आवारात मी माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीपाशी उभा राहिलो. दार उघडलं, पण बसवेना. याच हातांनी मी आठ महिने रोज भर रस्त्यातून घरी गेलो होतो. अँब्युलन्सवाली आली, तिनं हात पुढे केला आणि मी किल्ली दिली.

वाटेत एका चौकात तिनं विचारलं, "हिचा क्लच जरा वर लागतो का?" मी म्हटलं, "हो, बदलायचाय." शेजारच्या जागेवरून रस्ता काही वेगळाच दिसतो. पाय उगाच ब्रेक शोधत राहतो.

बायको फाटकाशी भाजीची पिशवी घेऊन उभी होती, नुकतीच आली असावी. गाडी थांबली. ती चालवणाऱ्याच्या बाजूला आली आणि वाकून बघते तर आत भलतीच बाई. मग मी दुसऱ्या दारानं उतरलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला कोणी घरी सोडायला आलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, तुम्ही इकडून कसे?" ती म्हणाली.

मी दार लावलं. तिनं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. अँब्युलन्सवालीला ती म्हणाली, "आत या हो, चहा घेऊन जा." आवाज अगदी नेहमीचा.

मग तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्याजवळ आली आणि तिथंच रस्त्यावर माझा हात हातात घेतला. घेतलेला मला दिसला.