बँकेचं मशीन, आमचं भंगार

माझा नवरा गजनफर व्याज हराम मानतो, व्याजखाऊच्या घरचा चहासुद्धा पीत नाही. वजिराबादेत आमचा सुऱ्या-चाकूंचा कारखाना. शेजारचे कर्ज काढून मोठे झाले, आम्ही हातानं पाती ठोकत बसलो. मग गावात इस्लामी बँक आली. तिचा साहेब तौकीर, अंगाला अत्तर आणि जिभेवर साखर.

"आम्ही कर्ज देत नाही, भाभी," तो म्हणाला. "मशीन आधी बँक विकत घेते. बँकेच्या मालकीचं झालं की नफा लावून तुम्हाला विकते. व्यापार आहे हा, व्याज नव्हे."

व्यापार म्हणे. कराचीच्या सरकारी बँकेनं व्याजाचा दर वाढवला की लगेच यांच्या नफ्यालाही ताप चढतो. मी तसं म्हटलं, तर गजनफर म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि माझ्या बांगड्या विकून अनामत भरून आला.

लाहोरहून मशीन निघालं आणि वाटेत ट्रक उलटला. मशीनचे दोन तुकडे झाले. आम्हाला विकल्याचा कागद अजून व्हायचा होता, मशीन दारात आल्यावर.

संध्याकाळी तौकीर कागद घेऊन हजर, सोबत बर्फीचा डबा. "फक्त सही करा, गजनफरभाई. तारीख कालची टाकू, ट्रक उलटायच्या आधीची."

"काल मशीन कोणाचं होतं?" मी विचारलं.

"कागदोपत्री बँकेचं, भाभी. पण बँक थोडीच नुकसान सोसते?"

"मग नफा कशाचा घेता? धोका आमचा आणि कमाई तुमची, त्यालाच तर व्याज म्हणतात."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सही नसेल तर अनामत अडकेल, भाई. पुढे कुठली बँक दारात उभं करणार नाही."

मला वाटलं, आता माझा नवरा त्याला हाकलून देईल. जन्मभर व्याजाच्या नावानं थुंकलेला माणूस. गजनफरनं रुमालाला हात पुसले, बिस्मिल्ला म्हणाला आणि खोट्या तारखेखाली सही केली.

"मुबारक," तौकीर म्हणाला आणि त्यानं बर्फी पुढे केली. माझ्या नवऱ्यानं ती खाल्ली.

आता दर महिन्याला हप्ता जातो. दर जुम्म्याला मशिदीबाहेर हा चारचौघांत सांगतो, आम्ही व्याजाला कधी शिवलो नाही. ट्रकवाल्यानं आणून टाकलेले मशीनचे तुकडे मी दारातच ठेवलेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला, मी देत नाही. नमाजाला जाताना गजनफरला ते ओलांडूनच जावं लागतं.