शेजारचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं उभं आयुष्य डाव्या सीटवर गेलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर उजवा पाय तयार ठेवायचा. एकाने गाडी भिंतीत घातली, तेव्हापासून मास्तर ताकही फुंकून पिऊ लागले. कुत्रं दिसलं, दाब ब्रेक. कुत्र्याची नुसती शंका आली, तरी दाब ब्रेक. अखेर त्या उजव्या गुडघ्यानेच हात टेकले.

"आतली बाजूच झिजलीय, तेवढीच बदलू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"टायर आम्ही जोडीनं बदलतो," मास्तर म्हणाले.

"बाकीचा गुडघा ठणठणीत आहे, काका. चांगल्याला कशाला हात लावायचा?" त्यांनी पडद्यावर गुडघ्याचं चित्र फिरवून दाखवलं. स्कॅनवरून कॉम्प्युटरने ते बनवलं होतं, आणि हाड कुठवर घासायचं त्याची हद्दही आखली होती. "हत्यार माझ्याच हातात, पण ते यंत्राच्या हाताला जोडलेलं. हद्द ओलांडायला लागले की तो मला अडवतो."

"म्हणजे डबल ब्रेक." मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मास्तरांनी आधी तेच विचारलं, "मशीननं किती वेळा अडवलं?"

"अगदी कडेला एकदोनदा. एरवी ते आहे हे जाणवतसुद्धा नाही. सारखं मध्ये पडलं असतं, तर मला कामच करता आलं नसतं."

चादर सारखी करणाऱ्या काकूंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चादरीत लक्ष घातलं. मास्तरांना ते पाहणं चांगलंच लागलं. काकूंनी लायसन्स त्यांच्याच हाताखाली काढलं होतं. बाजारात एकट्या झोकात गाडी नेत, पण नवरा शेजारी बसणार म्हटलं की किल्ली त्याच्या हातात देऊन मोकळ्या होत.

घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बजावलं, सध्या उजव्या पायाने जोर लावून काही दाबायचं नाही. घरची गाडी एकच, शिकवायची. चालवणार काकू.

"टॅक्सी बघू," मास्तर म्हणाले.

"दारात गाडी असताना?"

मास्तर वॉकर घेऊन गाडीच्या पुढच्या दाराशी आले. आतला जादा ब्रेक त्यांना दिसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच वळणावर पाय जाणार, आणि नव्या गुडघ्याची वाट लागणार. बायकोच्या हातात जीव द्यायचा, की आपल्याच पायाला बळी पडायचं?

"मागचं दार उघड," ते म्हणाले.

मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या मास्तरांना पुढचा रस्ता अर्धाच दिसत होता. चौकात एक टेम्पो आडवा आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी थांबली. धक्का नाही, हिसका नाही. भरल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नसतं.

टेम्पो गेला, गाडी निघाली. मास्तरांना बायकोचं फार कौतुक वाटलं.

"इतका हलका ब्रेक कधी शिकलीस गं?"

"पहिल्यापासून येतोय," काकू आरशातून म्हणाल्या. "तुम्ही माझ्या आधी दाबायचात, एवढंच."