सोचेतल्या अकरा खुंट्या

देवाचे आभार मानायला गुडघे टेकले की मला आधी लोखंड आठवतं. पाद्रीबाबा हसतात. हसू देत.

लढाई संपून तिसरा वसंत होता. सोचा नदीवरचा पूल सैन्यानं उडवलेला, नवा झालेला नव्हता. पलीकडे माझी बायको तिल्का, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. अलीकडे सुईण उर्शाबाईला घेऊन मी उभा. दुपार कलली होती. आमची नदी सकाळी गरीब असते. कर्न डोंगरावरचं बर्फ उन्हानं वितळलं की संध्याकाळी माजते.

"पांढऱ्या खडकाखाली उतार आहे," शेजारचे येर्नेयकाका म्हणाले. "चाळीस वर्षं गुरं नेलीत तिथून." काठी टेकत ते शिरले आणि सहाव्या पावलाला गळ्यापर्यंत बुडाले. तोफगोळ्यांनी तळच खणून ठेवला होता. मी बखोटीला धरून बाहेर ओढलं.

"गुरं काय पोहत होती तुमची?" उर्शाबाई कडाडल्या. "मला बाळंतपण करायचंय, म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा नाही!"

जरा खाली, नदी अरुंद होते तिथं, शिपायांनी फळ्यांच्या पुलासाठी खडकांत लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. फळ्या केव्हाच वाहून गेल्या. काकांचे दोन्ही मुलगे त्या लढाईत गेले. म्हणून दीड-दोन महिन्यांपासून दर रविवारी देवळातली मिस्सा संपली की ते करवत घेऊन यायचे आणि शिव्या देत एक खुंटी कापायचे.

"किती उरल्यात, काका?"

"अकरा." त्यांनी मान खाली घातली. "सात कापल्या. पण त्या काठाजवळच्या. तिथं पाणी मांडीएवढंच आहे रे."

खुंटीखुंटीला दोराचा वेढा देत मी पुढे निघालो. मागून उर्शाबाई, डोक्यावर पिशवी, तोंडी मरियामातेची लितानी, तिच्या एकेका नावानं करायची विनवणी. एकेका खुंटीला एकेक ओळ. काठावरून काका भिजलेल्या, घोगऱ्या गळ्यानं झील धरत होते, "आम्हांसाठी विनंती कर!" इतकं गोड गाणं मी देवळातही ऐकलेलं नाही. सातव्या खुंटीपाशी माझा पाय सुटला. दोराला लोंबकळलो, पण खुंटी जागची हलली नाही.

दिवेलागणीला आमची नेझा जन्मली.

रविवारी काका करवत न घेता आले. "पाद्रीबाबा, मृतांच्या प्रार्थनेत माझ्या पोरांशेजारी आणखी एकाला घ्या."

"नाव?"

"ठाऊक नाही. कुठल्या राजाचा होता, तेही नाही. खुंट्या ठोकणारा." काकांनी टोपी चुरगाळली. "काम पक्कं होतं हो त्याचं."