फोनो गातो, मी जळते

मी बाजाची पेटी बोलतेय. पोटात सूर पुष्कळ आणि गेली काही वर्षं त्याच पोटात जळफळाटही. लपवून काय करू? मी एका फोनोवर जळते.

जन्म माझा मुंबईचा, गिरगावातला. दहिवलीचे विष्णुपंत वकील मला आगगाडीनं कर्जतला घेऊन आले, ते मांडीवर धरूनच. त्यांना नाटकांचं भारी वेड. मुंबईला खेळ बघून आले की पगडी खुंटीला लावायच्या आधी माझ्यापुढे बसायचे. चाल अर्धी विसरलेली असायची, उरलेली आम्ही दोघं मिळून जुळवायचो. त्यांची लेक सरोजिनी माझ्याजवळच गायला शिकली. माझ्याशिवाय तिचं पान हलत नसे.

मग तो मेला फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आला. पितळी कर्णा, आणि तोंड एवढं मोठं की समोरच्याला बोलूच देत नाही. ओटीवर गर्दी लोटली. शहरात सध्या काय गातात, कसं बोलतात, ते आता सगळ्यांना त्याच्याकडून कळायचं. विष्णुपंतही "क्या बात है" म्हणू लागले. माझ्या वेळी नुसतं "बरं जमलं" असायचं. ठाकुरवाडीहून करवंदं विकायला येणारी आवडी तेवढी माझ्या मनातलं बोलली.

"हिला खायाला काय घालता गं बाय?" कर्ण्यातली बाई ऐकून तिनं सरोजिनीला विचारलं.

"सुई."

"मंग वरडंल नाय तर काय!"

मला फार बरं वाटलं. पण मला माळ्यावर टाकलं ते टाकलंच. खाली सरोजिनी फोनोपुढे बसून गाणी उचलायची, तानेसकट, श्वासासकट, हुबेहूब. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दिवशी मला खाली काढून पुसलं. गिरगावचं स्थळ सरोजिनीला बघायला येणार होतं, आणि मुलगी पेटीवर गाते असं कळवलेलं होतं. फोनोला कोपऱ्यात सारलं. आता दाखवते इंगा, म्हटलं.

पोहे झाले. सरोजिनी सुरेख गायली. नवरामुलगा मान डोलावत होता. गाणं संपलं, आणि त्याच दमात, त्याच ठसक्यात ती म्हणाली, "मैं छबूबाई, बंबईवाली!"

त्या वेळी तबकडीवर गाणं संपलं की गाणारी बाई आपलं नाव सांगायची. पोरीनं गाणं ऐकलं तसं पाठ केलेलं, नावासकट.

विष्णुपंतांचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला. भोग आता, फोनोबा! उद्या तुझी रवानगी अडगळीत.

मुलाच्या आई सुपारी कातरता कातरता थांबल्या. "मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या, "पण बैठकीतल्या बायकांची नावं सुनेच्या तोंडी नकोत. आमच्याकडे आल्यावर गाणं बंद."

मुलानं आईपुढची सुपारी उचलून तोंडात टाकली. स्थळ चांगलं होतं, विष्णुपंतांनी मान हलवली. सरोजिनीला कुणी विचारलं नाही.

आणि लग्नात जावयाला आहेर काय दिला? फोनो! गाणं ऐकायला त्या लोकांची हरकत नव्हती. तो नटूनथटून सरोजिनीबरोबर मुंबईला गेला, मी पुन्हा माळ्यावर. त्या दिवसाइतकी मी कधीच जळले नाही.

परवा ती माहेरपणाला आली. आईनं सहज विचारलं, "फोनो वाजतो ना गं?"

"रोज संध्याकाळी. शेजारचे येऊन बसतात, सासूबाई स्वतः किल्ली देतात. छबूबाई गातात, सगळे वाहवा म्हणतात. मी चहा करते." जरा थांबून ती म्हणाली, "आई, मला त्या डबड्याचा हेवा वाटतो गं."

इतकी वर्षं हे दुखणं मी माझ्या एकटीचं समजत होते.

आता फोनोशी माझं भांडण राहिलं नाही. मुंबईकरांनो, तुम्ही त्याला खुशाल ऐका. फक्त गाणं थांबलं की एकदा आत स्वयंपाकघराकडेही बघा, एवढं मागणं.

बरं, जास्त बोलायला वेळ नाही. सरोजिनीनं मला माळ्यावरून उतरवलंय, पदरानं धूळ पुसतेय. आई घाबरून म्हणतेय, "दार लाव गं, कुणी ऐकेल."

सरोजिनीनं भाता ओढला. दार तसंच सताड उघडं आहे.