एका पुनर्भेटीचे परीक्षण

आठवडाभर प्रयोगशाळेत पाण्याचा गढूळपणा मोजणारी धाकटी रविवारी कादंबऱ्यांची परीक्षणे लिहीत असे, आणि दोन्ही कामांत तिचा हात सारखाच आखडता होता. घरात तिला शंकासुर म्हणत, ते काही उगीच नव्हे.

या खेपेला पुरवणीच्या संपादकांनी एक प्रेमकथा पाठवली होती. तरुणपणी भांडून दुरावलेली दोघे उतारवयात एका अडकलेल्या लिफ्टमध्ये भेटतात. नायिका त्याला निव्वळ वासावरून ओळखते आणि दार उघडेपर्यंत सगळे माफ करून मोकळी होते; शेवटी त्याच्याकडे राहायला निघते. इतक्या वर्षांत माणूस साबण तरी बदलतोच, एवढी साधी गोष्ट लेखिकेच्या ध्यानात आली नव्हती. एरवी असले परीक्षण धाकटीने चहा निवायच्या आत हातावेगळे केले असते. आज मात्र तिने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली; बंद असलेला गॅस बंद असल्याची खात्री करून आली.

कारण शेजारच्या खोलीत होते. तिथे ताई बॅग भरत होती. यजमान गेल्यापासून ताई इथेच राहत होती. मध्यंतरी, कॉलेजात ज्याच्याशी तिचे जमून फिसकटले होते, ‘त्या चष्मेवाल्या’चा फोन आला. तोही आता एकटाच होता. फोन वाढत गेले आणि उद्या सकाळच्या बसने ताई त्याच्या गावी निघाली होती, कायमची. कादंबरीही तिने दोन बैठकांत संपवली होती. जाण्यापूर्वी तुझे परीक्षण मला वाचू दे, असे तिने बजावले होते. तू खोटे लिहीत नाहीस, म्हणून.

धाकटीने लिहिले: ‘नायिका परत जाते. परत जाणे म्हणजे जिथे चुकलो तिथेच पोहोचणे. राखेचा कागद होत नाही.’ वाक्ये झकास उतरली. इतकी, की तिलाच त्यांचा संशय आला. हवे तेच उत्तर आले की नमुना नव्याने तपासावा, हा तिचा जुना शिरस्ता होता.

तेवढ्यात ताई घडी घालायची साडी खांद्यावर टाकून मागे येऊन उभी राहिली.

“हे पुस्तकाबद्दल आहे की माझ्याबद्दल?”

“पुस्तकाबद्दल.”

“पुस्तकात कुणी परत जात नाही. ‘परत’ म्हणजे माघारी, ‘पुन्हा’ म्हणजे नव्याने, असं तूच माझ्या डोक्यात भरवलंस ना? मग ऐक. मी परत चालले नाहीये, शंकासुरा. तेव्हाही तो वेंधळाच होता, तिथे जाऊन काय करू? मी पुन्हा चाललेय.”

धाकटीने पुस्तक ओढले आणि शेवटची प्रकरणे ओळीवर बोट ठेवून तपासली. लेखिकेने सगळीकडे ‘पुन्हा’च लिहिले होते. इतर पापे तिची होती. ‘परत’ मात्र परीक्षकाच्या पदरचे होते.

“आणि मी?” धाकटीने संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता विचारले.

ताईने साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “हे सरळ विचार ना. पुस्तकाच्या नावावर का खपवतेस?”

धाकटीने ती तीन वाक्ये खोडली. लिफ्ट अविश्वसनीय आहे, भाषा पाल्हाळिक आहे, पण नायिकेचा निघण्याचा निर्णय दिलेल्या पुराव्यांशी सुसंगत आहे, असे लिहून तिने मजकूर पाठवून दिला. मग ती शेजारच्या खोलीत गेली.

“तुझ्याशिवाय मला राहता येईल, याला माझ्याकडे काही पुरावा नाही,” ती म्हणाली.

“माझ्याकडे तरी कुठे आहे?” ताई म्हणाली. “ये, या बॅगेवर बस. चेन लागत नाहीये.”

धाकटी बसली. चेन लागली, तरी ती बराच वेळ उठली नाही.