'मवाहिब'चा वाटा

आमच्या कुवेतच्या किनाऱ्यावर नव्या गलबताचा कणा रेतीत मांडला, की सुतार तो डोळ्यात तेल घालून राखतात. लाकूड चोरीला जाईल म्हणून नाही. मूल नसलेली एखादी बाई येऊन तो ओलांडेल म्हणून. ओलांडला की तिची कूस उजवते, आणि त्या गलबताला त्या बदल्यात एक जीव लागतो. सुताराचा म्हणा, खलाशाचा म्हणा.

माझी आई लूलवा भर दुपारी, सुतार नमाजाला गेलेले असताना, 'मवाहिब'चा कणा ओलांडून आली. वर्षाच्या आत मी झालो. माझं नाव मिशारी.

आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावभर बोभाटा झाला. माझे वडील फलाह तेव्हा दुसऱ्या गलबतावर सुखात होते. ते उठले आणि थेट 'मवाहिब'च्या नाखव्याकडे, बू-राशिदकडे गेले.

"जीव माझ्या घरात आलाय, नाखवा. जाईल तोही माझ्याच घरचा. मला तुमच्याकडे घ्या."

असा हट्टी माणूस. मला त्यांचा अजून राग येतो.

'मवाहिब'ने बसऱ्याचा खजूर मलबारला नेला, तिकडून सागवान आणलं, झांझिबारहून छपराचे वासे आणले. आणि कोणी मेलं नाही. वडील शिडाच्या दांड्यावरून घसरले ते गुंडाळलेल्या शिडावर पडले. एका लाटेने त्यांना समुद्रात ओढलं, दुसरीने परत आणून डेकवर ठेवलं. देवीच्या साथीत अर्धं बंदर ओस पडलं, आमच्या एकाही खलाशाला साधा ताप नाही. सुरुवातीला सगळे खूश होते. मग हळूहळू गलबतावरची गाणी बंद झाली. इतर गलबतांवर माणूस दगावतो, लोक रडतात, विसरतात. इथे जो तो सकाळी उठून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा.

"काय फलाहकाका, आहात अजून?" तांडेल रोज चेष्टा करायचा.

"आहे रे बाबा. तुला घाई असेल तर हो तू पुढे!"

तांडेल हसायचा, पण त्यांच्या शेजारी अंथरूण टाकायचा नाही.

मी मोठा झालो आणि त्याच गलबतावर चढलो, वडिलांना कायमचं उतरवून घरी आणायचं एवढ्याचसाठी. आई आडवी आली. "तू कशाला मरायला जातोस? ते तुझ्यासाठीच गेलेत ना?" मी तिचं ऐकलं नाही. वडिलांनी माझं ऐकलं नाही. घराणंच तसं.

त्याच सफरीत, सोकोत्राच्या अलीकडे, तळाची फळी सुटली. रात्रभर उपसूनही पाणी हटेना. उजाडल्यावर सगळे मचव्यात उतरले. वडील डोलकाठीला टेकून बसून राहिले. मी कमरपट्ट्याला धरून त्यांना खाली ओढलं. त्यांनी मला आईवरून शिव्या दिल्या, पण आले.

वारा साफ पडला होता. 'मवाहिब' काठोकाठ भरलं होतं, पण बुडत नव्हतं. आम्ही वल्ही मारत निघालो. दुपार झाली. मागे वळून पाहिलं तर गलबत तेवढ्याच अंतरावर. त्याच्या मागल्या बाजूचं कोरीवकाम सकाळी जेवढं दिसत होतं, तेवढंच स्पष्ट दिसत होतं.

"जोर लावा रे! लग्नाच्या वरातीत आलात का?" तांडेल ओरडला. मग त्यानेही मागे पाहिलं आणि वल्हं मांडीवर घेऊन बसला.

"मिशारी, त्यांना सोडू नकोस," नाखवा हळूच म्हणाला.

मी वडिलांचा कमरपट्टा मुठीत आवळला. मला फार भीती वाटत होती.

"हात बधिर झाला असेल, पोरा," वडील म्हणाले.

"होऊ दे."

"बरं, दोन खजूर तरी दे. सकाळपासून उपाशी आहे मी."

मी दुसरा हात पिशवीकडे नेला, क्षणभर मान वळवली. मुठीतला पट्टा एकदम हलका झाला. त्यांनी गाठ कधीच सोडवून ठेवली होती. ते पाण्यात होते, आणि जेवायला घरी निघाल्यासारखे सावकाश पोहत चालले होते. मी उडी घेणार तोच नाखव्याने आणि तांडेलाने मला खाली दाबून धरलं. मी ओरडत राहिलो. वडील दोर धरून गलबतावर चढले, डोलकाठीला टेकून बसले. 'मवाहिब' सरळ खाली गेलं. भोवरा नाही, आवाज नाही. आणि लगेच वारा सुटला.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गलबत गेलं, एक माणूस गेला. कोण, ते आईला कळलं नव्हतं. तिने दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मोठ्याने अल्लाचे आभार मानले.

मग आपण काय बोललो ते तिला कळलं. ती उंबऱ्यातच बसली. मी उठवायला हात पुढे केला, तो तिने धरला नाही.