उंटवळणावरची मान

खट्. कपाटाची कडी निघाली आणि कितीतरी काळाची शांतता मोडली. दाराच्या फटीतून आधी उजेड आत आला, मग एक हात आला. जुन्या रजयांच्या मागे बसलेल्या मला त्या हाताने अलगद बाहेर काढले.

"अय्या, केवढं मोठं डोकं," खालून एक छोटी मुलगी म्हणाली.

"डोकं नाही गं, आजोबांचं हेल्मेट आहे," तिची आई म्हणाली आणि पदराने माझ्या कपाळावरची धूळ पुसू लागली.

होय मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे, शर्यतीच्या गाडीतले. माझा जन्म साच्यात झाला. चिवट धाग्यांच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवून मला भट्टीत भाजले, मग आत मऊ फोम बसवला. कारखान्यातली तपासनीस बाई प्रत्येक हेल्मेट बोटांच्या पेरांनी ठोकून पाहायची. माझ्या शेजारच्या दोघांना तिने नाक मुरडून बाजूला सारले. मला ठोकले, कान लावला आणि म्हणाली, "हे कोणाच्या तरी नशिबाला पुरेल." तेव्हापासून माझी छाती फुगलेली आहे. हेल्मेटला छाती नसते हे मलाही ठाऊक आहे. पण अभिमान ठेवायला कुठेतरी जागा हवीच ना?

ज्याच्या नशिबी मी आले तो उमदा चालक होता. मान तर अशी जाड, की त्याची बायको म्हणायची, "हिच्यावर ओली चादर वाळत घालता येईल." शर्यतीच्या रस्त्यावर एक अवघड जागा होती. आधी उंचवटा, मग उतार, आणि उतार संपायच्या आत डावीकडे मोड. सगळे चालक तिला उंटवळण म्हणत. तिथे ब्रेक दाबला की मी पुढे झुकायचे, आणि गाडी डावीकडे वळली की उजवीकडे ओढले जायचे. मोठमोठे चालक तिथे कचरायचे. आम्ही दोघे मात्र तिथेच पुढच्या गाड्यांना मागे टाकायचो. शर्यत जिंकल्यावर लोक चषक उचलायचे आणि तो आधी मला पुसायचा.

मग एके दिवशी त्याच वळणावर पुढची गाडी घसरली आणि आमची उलटली. माझ्या उजव्या बाजूला तडा गेला. त्याच्या डोक्याला टेंगूळसुद्धा आले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून मोठे काही घडलेले नाही. पण एकदा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा शर्यतीत घालायचे नसते. आतला फोम दबलेला असतो, पुढच्या वेळी तो वाचवेलच असे नाही. त्याने मला टाकून दिले नाही, घरी आणले. सुरुवातीला पाहुणे आले की मला खाली काढत. पुढे पाहुणे येताना आपापले मोबाईल घेऊन येऊ लागले. मग माझ्यापुढे रजया आल्या.

आता परवाचे ऐका. माझा चालक म्हातारा झाला होता. त्याच्या कानातला तोल बिघडला होता, म्हणून डॉक्टरांनी गाडी बंद केली होती. घरातही तो भिंतीला हात धरून चालायचा. गाड्यांचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्याची लेक संगणकावर काम करायची. खोलीत बसल्याबसल्या शर्यतीची गाडी चालवता यावी असे यंत्र ती तयार करत होती. त्याला सिम्युलेटर म्हणतात. लाकडी चौकटीवर गाडीची खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, समोर मोठा पडदा. पडद्यावर तिने बाबांचाच तो जुना रस्ता उभा केला होता. पडद्यावरचे दृश्य चालकाच्या डोळ्यांतून दिसावे, त्याचे डोके हलेल तसे हलावे, एवढे काम बाकी होते. ते करायला तिला वेळ मिळायचा तो तिची ती छोटी मुलगी झोपली की. त्या मुलीला सगळे फिरकी म्हणत, यावरून ती किती झोपत असेल ते ओळखा.

त्यासाठीच लेकीने मला कपाटातून काढले होते. हालचाल मोजणारी एक चिमुकली चकती तिने माझ्या कपाळावर चिकटवली आणि स्वयंपाकघरात बसलेल्या बाबांच्या डोक्यावर मला चढवले.

"बाबा, डोळे मिटा आणि तुमची एक फेरी मारून या."

"गाडी कुठंय?"

"ही काय, तुमची जेवायची खुर्ची."

"आणि ब्रेक?"

"उजव्या पायातली चप्पल."

तो हसला. स्वयंपाकघरातले मोठे झाकण स्टिअरिंगसारखे हातात धरून त्याने डोळे मिटले. आणि मित्रांनो, त्या मानेला सगळे आठवत होते. कुठे झुकायचे, कुठे कलायचे, कुठे धक्का सोसायचा, एकही वळण ती विसरली नव्हती. मागे फिरकी घर्र घर्र करत होती.

"गिअर चुकतोय तुझा," तो डोळे न उघडता म्हणाला.

ती सगळी हालचाल लेकीने जशीच्या तशी यंत्रात घातली. तसूभरही कमी केली नाही, कारण तिला ती खरी हवी होती. मग मोठ्या हौसेने तिने बाबांना यंत्राच्या खुर्चीत बसवले. पहिले वळण गेले. दुसऱ्या वळणावर पडदा डुचमळला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काढ मला यातून," तो म्हणाला. तोंड धुऊन आल्यावर भिंतीला धरून उभा राहिला. "तुझं यंत्र बरं आहे गं. माझं डोकंच कामातून गेलं."

"बाबा, ऑफिसातल्या मित्रालाही मळमळलं."

"समजूत घालू नकोस."

त्यानंतर तो त्या खोलीकडे फिरकला नाही. गाडी गेली होती, ते त्याने सोसले होते. पण ते उंटवळण आता आपल्या डोक्यातही उरले नाही, हे त्याला सोसेना. लेकीला ते कळत होते. स्क्रीनवरच्या, हालचाल कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या ती मागेपुढे सरकवत बसायची. हालचाल वाढवली की पोटात ढवळायचे, बंद केली की गाडी खेळण्यातली वाटायची.

एका दुपारी फिरकीने मला डोक्यात घातले. मी तिच्या खांद्यांपर्यंत आले. माझी काच वर करून आई तिला मऊ भात भरवत होती आणि ही बया पलंगावर उड्या मारत होती. मी वर-खाली, डावी-उजवीकडे नुसते गदगदत होते. आई चमचा धरून थांबली. आतले दोन काळेभोर डोळे चमच्यावरून तसूभर हलत नव्हते.

"फिरकी, अजून उड्या मार."

असे कोणती आई म्हणते? फिरकीनेही संशयाने पाहिले, मग मारल्या.

डोके हलते, पण नजर हलत नाही. उंटवळणावर मी कितीही हिंदकळले, तरी त्याचे डोळे वळणाच्या पलीकडे खिळलेले असायचे. मी त्या डोळ्यांच्या शेजारी राहिलेले, मला हे कधीचे ठाऊक होते. पण हेल्मेटला विचारतो कोण?

लेकीने सगळे नव्याने जुळवले. नजर लांबच्या रस्त्यावर बांधून ठेवली आणि नजरेभोवती काचेची चौकट, स्टिअरिंग, गाडीचे नाक हलू दिले. वळण यायच्या आधीच नजर वळणाकडे जाऊ लागली, जशी खऱ्या चालकाची जाते. ब्रेकला हलकेच झुकणे ठेवले, खड्ड्यांचे दणके मऊ केले. एका हाताने ती फिरकीला थोपटायची, दुसऱ्याने पट्ट्या सरकवायची.

"बाबा, एक फेरी."

"आधी बादली आण."

तिने खरोखरच आणून ठेवली. तो बसला आणि म्हणाला, "ते हेल्मेट दे." मला घालून त्याने पट्टा न बघता लावला. पहिले वळण, दुसरे. मी त्याच्या श्वासाकडे कान लावून होते. उंचवटा आला. गाडीचे नाक वर गेले, खाली आले, आणि उतारावर ती मान आपोआप कलली. माझ्यासकट.

"इथे मागचं चाक सुटतं," तो पुटपुटला. "बघ, सुटलं. धरलं."

त्याने फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. चहा निवला, पुन्हा गरम झाला, पुन्हा निवला.

"म्हणजे डोकं माझं बिघडलं नव्हतं," शेवटी तो म्हणाला.

"नाही बाबा. गणित माझं बिघडलं होतं."

"बादली उचल मग. पायात येतेय."

मित्रांनो, आता मी त्या खुर्चीशेजारच्या खुंटीवर असते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझा तडा दाखवतो आणि मी तो मिरवते. एवढेच सांगते, की जुन्यांना पूर्वीचे काम सांगू नका, पण त्यांना काय ठाऊक आहे ते विचारत जा. आणि अधूनमधून पुसत जा. कौतुकाइतकेच ते आम्हाला लागते.

त्या दिवशी मला खुंटीला अडकवून तो खुर्चीतून उठला, भिंतीला हात धरला आणि एकेक पाऊल टाकत बाहेर गेला. फिरकी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आईचा पदर ओढला.

"आई, उठल्यावर आजोबा परत म्हातारे का झाले?"